तारखा हरवलेला सर्व्हर: एका प्रकाशन संस्थेचं प्रकरण

पुण्यातली एक जुनी, मध्यम आकाराची प्रकाशन संस्था. पुस्तकं, दिवाळी अंक आणि बाहेरची थोडी डीटीपीची कामं. दोन ऑपरेटर, एक मुद्रितशोधक, हिशेब बघणाऱ्या एक बाई आणि मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात. सगळ्यांच्या फायली एका लिनक्स सर्व्हरवर, विंडोजच्या यंत्रांना आणि एका मॅकला त्या सांबा या, लिनक्सवरच्या फायली नेटवर्कवर वाटून देणाऱ्या, प्रोग्रॅममार्फत दिसायच्या. सर्व्हरवर सेंटओएस ६ हा लिनक्सचा प्रकार होता. त्याची देखभाल नोव्हेंबर २०२० मध्येच अधिकृतपणे थांबली, पण यंत्र चालत होतं म्हणून कोणी हात लावला नव्हता. अखेर नवं यंत्र आलं, त्यावर डेबियन १२ हा लिनक्सचा दुसरा प्रकार बसवला आणि एका पुरवठादाराने शनिवारी संध्याकाळी फायली हलवायला घेतल्या. सुमारे ९०० जीबी माल. जुन्या यंत्राचं नेटवर्क कार्ड १०० मेगाबिटचं, त्यामुळे रविवार दुपार उलटून गेली. सोमवारी सकाळी ऑफिस नव्या सर्व्हरवर सुरू झालं.

मला बोलावणं आलं बुधवारी दुपारी, आणि तेही बॅकअपसाठी. ‘ताई, बॅकअपची डिस्क फुल झाली असं येतंय, नवीन डिस्क मागवू का?’ एवढाच निरोप होता. दोन टीबीच्या डिस्कवर शुक्रवारपर्यंत सव्वा टीबीच्या आत भागत होतं आणि सोमवारच्या एका रात्रीत ती भरली, म्हणजे प्रश्न डिस्कचा नव्हता हे फोनवरच कळलं.

तिथे जाऊन आधी एक फोल्डर उघडून बघितला. २००९ च्या दिवाळी अंकाची पेजमेकरची फाइल, बदलल्याची तारीख परवाचा रविवार, पहाटे तीन वाजून बारा मिनिटं. शेजारची २०१६ ची फाइल, तीन वाजून बारा. पुढची तीन वाजून तेरा. जवळपास सगळ्या सर्व्हरवर शनिवार संध्याकाळ ते रविवार दुपार एवढीच तारीख. वीस वर्षांचं काम एका रात्रीत झाल्यासारखं दिसत होतं.

कारण सरळ होतं. फायली एससीपी या नेटवर्कवरून कॉपी करणाऱ्या आज्ञेने, ‘आर’ (फोल्डर आतल्या सगळ्यासकट) हा पर्याय देऊन, रूट या सर्वाधिकारी खात्याने आणल्या होत्या. एससीपीला स्मॉल ‘पी’ सांगितला नाही तर ती मजकूर आणते आणि तारीख आजची टाकते. ‘पी’ दिला तरी मालकी येत नाही, ज्या खात्याने फाइल लिहिली ते मालक. इथे लिहिणारा रूट, म्हणून प्रत्येक फाइलचा मालक रूट. सोमवारी सकाळी ऑपरेटरना काहीच सेव्ह होईना, तेव्हा पुरवठादाराने दुरूनच फोल्डरांच्या सगळ्या झाडावर ७७७ ही परवानगी मारून दिली. म्हणजे वाचा, लिहा, पुसा, सगळ्यांना सगळं खुलं. काम सुरू झालं आणि बिल निघालं.

यातून जे बिघडलं ते तीन ठिकाणी दिसलं.

बॅकअप हा त्यातला बिनबोभाट बिघाड. रात्रीची स्क्रिप्ट आरसिंक या, दोन ठिकाणच्या फायली जुळवून कॉपी करणाऱ्या, प्रोग्रॅमवर चालते. काल आणि आजमध्ये न बदललेली फाइल ती पुन्हा लिहीत नाही, कालच्या प्रतीला हार्ड लिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव, जादा जागा न घेणारं) जोडून मोकळी होते. पण ‘न बदललेली’ हे ठरवायला ती मजकूर वाचत बसत नाही. आकार आणि बदलल्याची तारीख जुळते का एवढंच बघते. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणलेल्या आरसिंकचा बराचसा वेग याच शॉर्टकटवर उभा आहे. शिवाय लिंक जोडण्यासाठी मालक आणि परवानग्याही तंतोतंत सारख्या लागतात. इथे तारीख, मालक, परवानगी तिन्ही बदललेली. म्हणून स्क्रिप्टच्या लेखी ९०० जीबी नवा माल आला होता.

दुसरी गोष्ट ऑपरेटरना सोमवारी पहिल्या तासातच दिसली होती, फक्त तिचा संबंध कोणी सर्व्हरशी लावला नव्हता. पानं मांडायच्या इनडिझाइन प्रोग्रॅममध्ये पानावर लावलेलं चित्र फाइलच्या आत नसतं, बाहेरच्या चित्राचा दुवा असतो, आणि त्या चित्राची तारीख इनडिझाइनने नोंदवून ठेवलेली असते. तारीख जुळली नाही की दुव्यांच्या पट्टीत पिवळा त्रिकोण येतो: चित्र बदललंय, अपडेट करा. उघडलेल्या प्रत्येक पुस्तकात प्रत्येक चित्रावर हा त्रिकोण. ऑपरेटरने सगळं निवडून ‘अपडेट’ दाबलं आणि पुढे गेला, दुसरं करणार काय? तोटा असा की एरवी हा त्रिकोण कामाचा असतो. चित्रकाराने रात्री नवं रेखाचित्र टाकलं, तर सकाळी तो तेवढ्यापुरता उगवतो. शेकडो खोट्या त्रिकोणांत खरा एक कुठे गेला ते कोणाला कळणार?

तिसरी गोष्ट काकांनी मला आतल्या खोलीत बोलावून सांगितली. ‘मानधन’ नावाचा फोल्डर. लेखकांचे करार, रॉयल्टीचे हिशेब, कोणाला किती आगाऊ दिलेत त्याच्या एक्सेल शीट. जुन्या सर्व्हरवर तो फक्त काकांना आणि हिशेबाच्या बाईंना उघडायचा. ७७७ नंतर तो सगळ्यांना उघडत होता, आणि एका लेखकाचा आकडा बाहेरच्या टेबलावर कोणाच्या तरी तोंडी आला होता.

माझं एक पक्कं मत आहे, ते इथेच सांगते. तारीख, मालक आणि परवानगी हे फाइलच्या पाकिटावरचे शिक्के नाहीत, तो मजकुराइतकाच माल आहे. या ऑफिसात बॅकअप तारखेवर चालतो, इनडिझाइन तारखेवर चालतं, आणि ‘कव्हर फायनल’, ‘कव्हर फायनल २’, ‘कव्हर एकदम फायनल’ यांतलं छापलं गेलेलं कुठलं हे माणसंही तारखेवरूनच ठरवतात. त्यामुळे ‘फायली सगळ्या आल्यात ना, मग झालं’ हे पुरवठादाराचं म्हणणं मला मान्य नव्हतं.

नशिबाने जुनं यंत्र भंगारात गेलं नव्हतं. माळ्यावर ठेवलं होतं. ते खाली काढून सांबा न चालवता सुरू केलं आणि डेटाचं पार्टिशन फक्त वाचता येईल असं माउंट केलं, म्हणजे आपल्याच हातून तिथे काही लिहिलं जायला नको.

मग पुन्हा सगळं नव्याने आणायचं का? तेच पहिल्यांदा सुचतं. पण सोमवार ते बुधवारचं काम नव्या सर्व्हरवर झालेलं होतं, त्यात प्रेसला जायच्या बेतातलं एक पुस्तक होतं. ते पुसून चालणार नव्हतं. ‘नवीन असेल ते राहू दे, जुनं असेल तेच आण’ यासाठी आरसिंकला स्मॉल ‘यू’ हा पर्याय आहे. तो इथे पूर्ण फसतो. नव्या सर्व्हरवरची प्रत्येक फाइल रविवारची, म्हणजे जुन्यापेक्षा ‘नवीन’. ‘यू’ दिला असता तर त्याने एकाही बिघडलेल्या फाइलला हात लावला नसता आणि सगळं आलबेल असल्यासारखा निमूट परत आला असता. फक्त आकार बघून तारखा जुळवून घेण्याचाही एक पर्याय आहे, तो वेगवान आहे. पण मजकूर बदलूनही आकार तेवढाच राहिलेली फाइल त्यात निसटते, आणि तिच्यावर जुनी तारीख चिकटते. नव्या मजकुराला जुनी तारीख हे तर मूळ दुखण्यापेक्षा वाईट.

म्हणून स्मॉल ‘सी’ घेतला. यात दोन्ही यंत्रं आपापल्या डिस्कवरची फाइल पूर्ण वाचून तिची बेरीज, म्हणजे मजकुरावरून ठरणारा चेकसमचा आकडा, काढतात. बेरीज जुळली तर मजकूर नेटवर्कवरून येतच नाही, फक्त तारीख, मालक आणि परवानगी दुरुस्त होते. ९०० जीबी त्या कार्डावरून आणायला वीस-बावीस तास लागतात. त्याच फायली दोन्हीकडे नुसत्या वाचायला रात्रीतले काही तास. ऑफिस सहाला बंद होतं, त्यात हे बसत होतं.

त्याआधी मालकीचा घोळ निस्तरायचा होता, आणि या प्रकरणात खरा विचार इथेच करावा लागला. लिनक्स फाइलवर मालकाचं नाव लिहीत नाही, क्रमांक लिहितं. सेंटओएस ६ माणसांचे क्रमांक ५०० पासून द्यायचं, डेबियन १००० पासून देतं. म्हणजे तीच व्यक्ती जुन्या यंत्रावर ५०२ आणि नव्यावर १००१. आरसिंक रूट म्हणून चालवलं तर ते एरवी नावावरून जुळवून घेतं, ५०२ चं नाव बघतं आणि तिकडे त्याच नावाच्या माणसाचा क्रमांक लावतं. नाव सापडलं नाही तर मुकाट्याने मूळ क्रमांक ठेवतं. बहुतेक ठिकाणी हे नावाने जुळवणंच बरं. इथे मात्र आडवी आली ती बॅकअपची डिस्क. तिच्यावरच्या शुक्रवारपर्यंतच्या सगळ्या प्रतींवर जुने, पाचशेच्या घरातले क्रमांक होते. नव्या सर्व्हरवर १००१ लावला असता तर तारखा पूर्ववत होऊनही बॅकअपला मालक वेगळा दिसला असता, आणि पुन्हा ९०० जीबी.

तेव्हा उलटं केलं. सांबा थांबवून नव्या यंत्रावरच्या खात्यांना आणि गटांना जुनेच क्रमांक दिले. डेबियन हजाराच्या आतले क्रमांक आपल्या सेवांसाठी राखून ठेवतं, त्यामुळे त्यांतला एखादा कोणी घेतलेला नाही ना हे आधी तपासलं. ही खाती फक्त सांबापुरती आहेत, त्या यंत्रावर बसून कोणी लॉग-इन करत नाही, म्हणून हे चालून गेलं. ५०४ क्रमांक मात्र कोणालाच दिला नाही. तो नोकरी सोडून गेलेल्या एका ऑपरेटरचा. जुन्या यंत्रावरून त्याचं खातं काढलं होतं, फायली क्रमांकावर तशाच उभ्या होत्या. असा रिकामा क्रमांक पुढे नव्या माणसाला दिला की आधीच्या माणसाची सगळी कामं आपोआप त्याच्या मालकीची होतात. म्हणून त्या क्रमांकावर एक बंद खातं बनवून ठेवलं.

आता तीन दिवसांचं काम बाजूला काढणं. रविवार संध्याकाळनंतर बदललेल्या फायलींची यादी तारखेवरून निघाली. रविवारच्या एकसारख्या तारखांचा हा एवढाच फायदा, नंतरचं सगळं उठून दिसतं. त्या फायली फोल्डरच्या रचनेसकट दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्या, तारखा राखून. आरसिंकला ‘या वगळ’ अशी यादीही देता येते, पण त्या यादीत चौकटी कंस आणि चांदणी यांना वेगळा अर्थ असतो, आणि डीटीपीवाल्यांच्या फायलींच्या नावांत चौकटी कंस हमखास असतात. त्यापेक्षा बाजूला काढलेलं बरं.

मग जुन्या यंत्राशी बोलणी. दोन यंत्रांत सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या एसएसएचच्या नव्या आवृत्तीने जुन्याला ओळखच दिली नाही. २०२१ च्या सप्टेंबरातल्या ओपनएसएसएच ८.८ पासून यंत्राची ओळख पटवणारी जुन्या धाटणीची आरएसए स्वाक्षरी मुळातच बंद केलेली आहे, आणि सेंटओएस ६ ला दुसरी नीट येत नाही. त्या एका जोडणीपुरती ती पद्धत चालू केली, सगळ्या यंत्रासाठी नव्हे.

आधी कोरडी फेरी. आरसिंक, स्मॉल ‘ए’, कॅपिटल ‘एच’, ‘ए’, ‘एक्स’, स्मॉल ‘सी’, क्रमांक जसेच्या तसे ठेवण्याचा पर्याय, आणि ‘काही करू नकोस, काय करशील ते दाखव’ म्हणणारे स्मॉल ‘एन’ आणि ‘आय’. स्मॉल ‘ए’ म्हणजे आर्काइव्ह. तो दिला की सगळं आलं असा सार्वत्रिक समज आहे. त्यात तारीख, मालक, गट, नेहमीच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) येतात. हार्ड लिंक येत नाहीत, वाढीव परवानग्यांच्या याद्या येत नाहीत आणि फाइलला चिकटवलेले जादा गुणधर्म येत नाहीत. ते तीन कॅपिटल त्यासाठी. इथे तिघांपैकी दोन अत्यावश्यक होते. ‘प्रेसला गेलेलं’ या फोल्डरवर अशी वाढीव यादी होती, मुद्रितशोधकाला लिहिता येतं, ऑपरेटरना फक्त वाचता येतं. आणि विंडोजमध्ये ‘तयार केल्याची तारीख’ म्हणून जी दिसते ती सांबा या जादा गुणधर्मातच लिहून ठेवतो. ‘एक्स’ विसरलात तर ती गेली.

कोरड्या फेरीचं उत्तर ओळींत येतं, एका फाइलला एक ओळ. बहुतेक ओळी अशा: टिंब, एफ, टिंब, टिंब, टी, पी, ओ, जी. पहिलं टिंब म्हणजे मजकूर आणायची गरज नाही. टी तारीख, पी परवानगी, ओ मालक, जी गट, हे चार बदलायचे आहेत. हेच हवं होतं. पहिल्या जागी टिंबाऐवजी बाण असेल तर मजकूरच वेगळा. बाणाच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढून तीन दिवसांच्या यादीशी ताडून पाहिल्या. नेहमीची कामं दोन्हीकडे होती. रंगत होती ती जुळत नव्हतं तिथे.

छायाचित्रांची एक मोठी फाइल बाणाच्या यादीत, पण तारीख रविवार पहाटेची. म्हणजे सोमवारनंतर तिला कोणी हात लावलेला नाही, तरी मजकूर वेगळा. आकार बघितला तर अर्ध्याहून कमी. रात्री कधीतरी लाइट गेले असणार, कॉपी अर्ध्यात तुटली असणार आणि पुढच्या फोल्डरपासून पुन्हा सुरू केली असणार. ही फाइल जुनं यंत्र पुसल्यानंतर, कधीतरी दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी उघडली असती तर काय झालं असतं याची कल्पना काकांना सांगावी लागली नाही. दुसरी जागा ‘प्रेसला गेलेलं’ मधली. २०१४ च्या एका पुस्तकाच्या कव्हरची पीडीएफ मंगळवारी बदललेली. जिथे ऑपरेटरला लिहिताच येत नाही अशी ही जागा. विचारल्यावर कळलं, नमुना म्हणून उघडली, रंग थोडा उजळला आणि सवयीने सेव्ह दाबलं. त्या पोराचा काही दोष नाही. एरवी सर्व्हरनेच त्याचा हात धरला असता.

आणि एक अस्सल मराठी भानगड. दोन्ही यंत्रांवरच्या नावांच्या याद्या शेजारी ठेवल्या, तर ‘वऱ्हाड विशेषांक’ हा फोल्डर नव्या यंत्रावर दोनदा. अक्षर न् अक्षर सारखं. सोमवारच्या गोंधळात पुरवठादाराने ऑपरेटरच्या जुन्या मॅकवरून तो फोल्डर आरसिंकने ओढून आणला होता. ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकडे. विंडोजवर आपल्या कीबोर्डने एकसंध येतो. मॅकची जुनी, एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क तो फोडून ठेवते. लिनक्सला दोन्ही वेगळी नावं. कऱ्हाड, गोऱ्हे, तऱ्हा, सगळ्यांचं हेच. मॅकवरून आणताना नावांचं रूपांतर करणारा पर्याय आरसिंकमध्ये आहे, तो देणं हा इलाज. इथे जादा फोल्डर मजकूर ताडून काढून टाकला.

खरी फेरी रात्री लावली. पुसण्याचा पर्याय मुद्दाम दिला नाही. त्यामुळे तीन दिवसांत नाव बदललेल्या फायली जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी राहिल्या, पण त्या मूठभर होत्या आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेटरना विचारून हाताने काढल्या. पुसणं यंत्रावर सोपवण्यापेक्षा हे मला कधीही परवडतं.

बाजूला काढलेलं तीन दिवसांचं काम परत ठेवताना एक सोय आपसूक झाली. फेरीनंतर प्रत्येक फाइलची जुनी प्रत योग्य मालक आणि परवानगीसह जागेवर आलेली होती. तिच्यावरच नवी प्रत ओतली, फक्त तारीख राखायला सांगून. असलेल्या फाइलवर कॉपी केली की तिचा मालक, परवानग्या, याद्या तशाच राहतात, आत मजकूर तेवढा बदलतो. त्या कव्हरची पीडीएफ अर्थातच परत ठेवली नाही. अगदी नव्या फायलींना मात्र मालक एकेक करून द्यावा लागला.

काही गोष्टी सुटल्या नाहीत. जुन्या यंत्रावरचं आरसिंक २०१३ च्या ३.१ आवृत्तीच्या आधीचं, त्यामुळे सेकंदाचे अपूर्णांक आले नाहीत, पूर्ण सेकंद आले. जुने बॅकअपही त्याच आवृत्तीने घेतलेले, म्हणून ते जुळले आणि त्या रात्रीचा बॅकअप नेहमीएवढ्या वेळात संपला. लिनक्सच्या डिस्कवर फाइल कधी जन्मली ही जी वेगळी नोंद असते ती सहजी बदलता येत नाही, ती रविवारचीच राहणार. आणि ज्या पुस्तकांत ऑपरेटरने ‘अपडेट’ दाबून सेव्ह केलं होतं, त्यांच्या दुव्यांत आता रविवारची तारीख बसलेली. खऱ्या तारखा परत आल्यावर त्याच पुस्तकांत त्रिकोण पुन्हा उगवले. ते एकदा डोळ्यांखालून घालून अपडेट करावे लागले, दुसरा मार्ग नाही.

विंडोज सर्व्हर असलेल्यांना यातलं बरंचसं रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या आज्ञेत भेटतं. ती तारखा मुळातच आणते, पण परवानग्या ‘सेक’ किंवा ‘कॉपीऑल’ म्हटल्याशिवाय नाही, आणि फोल्डरच्या तारखांसाठी ‘डीकॉपी’त ‘टी’ वेगळा द्यावा लागतो. उघडी असलेली फाइल अडली तर ती दर तीस सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते, तेव्हा ‘आर’ (किती वेळा) आणि ‘डब्ल्यू’ (किती सेकंदांनी) यांना छोटे आकडे देणं विसरू नये.

मानधनाच्या फोल्डरबद्दल काकांनी विचारलं, कोणी उघडला ते सांगता येईल का. नाही येत. फाइल शेवटची कधी वाचली याची नोंद असते, कोणी वाचली याची नसते, आणि बेरजा काढताना सगळ्या फायली मीच वाचल्या होत्या. सांबात कोणी काय उघडलं ते लिहून ठेवणारा एक भाग आहे, फुल-ऑडिट. तो जुन्या सर्व्हरवर कधी लावलेला नव्हता. नव्यावर त्या एका फोल्डरपुरता लावला आहे. सगळ्या सर्व्हरवर लावा असा काकांचा आग्रह होता. डीटीपीच्या ऑफिसात त्या नोंदींचाच डोंगर होईल आणि तो कोणी वाचणार नाही, असं सांगून मी नको म्हटलं.